शेऱ्याचा रकाना

३ फेब्रुवारी

टाचणे,

तुझं पत्र आलं नाही म्हणून रागावलेली नाही. आलं नाही, एवढंच सांगते आहे.

फोन करायचा नाही असं तू बजावलंस. मी मोठ्याने बोलते आणि तुझ्या खोलीतल्या मुलींना आपली भाषा ऐकू जाते, हे मला कळलं. पटलं नाही, पण कळलं. म्हणून हा कागद. तुझी आई गेल्यावर तुला अक्षर मीच शिकवलं, त्यामुळे माझं अक्षर लागत नाही असं म्हणायची सोय तुला नाही.

काकांचं ठीक आहे. भट्टीवरची नोकरी संपल्यापासून ते घरात बसून माझ्या कामावर देखरेख करतात. छातीत अधूनमधून कळ येते. पण मोठ्या दवाखान्यात आपली दुभाषी बाई मंगळवार ते शुक्रवार असते, त्यामुळे निभावतं. गेल्या शुक्रवारी डॉक्टरने विचारलं, कसं वाटतंय. काका शर्टाचं वरचं बटण लावून ताठ बसले आणि म्हणाले, बरं आहे. दुभाषी बाई डॉक्टरला म्हणाली, हे बरं आहे म्हणतात म्हणजे यांना बराच त्रास होतोय. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिला. मग नीट तपासलं आणि गोळ्या बदलल्या. काका घरी येईपर्यंत तिच्यावर फुगले होते, की मी बोललो एक आणि तिने सांगितलं दुसरंच.

आता मुद्द्याचं. आपल्या गल्लीतल्या एक्केचाळीस घरांत एकेक कागद वाटून गेले आहेत. वरचा शिक्का मी लगेच ओळखला, तुझ्या ऑफिसचा. त्यात शिडीचं चित्र आहे आणि विचारलंय की तुम्ही आज कुठल्या पायरीवर आहात. मला वाटलं एक लिहावं, कारण वर्गात पहिला नंबर चांगला. शेजारचा शिंपी म्हणतो, अहो बाई, शिडी आहे, शाळा नाही. शेवटी ‘शेरा’ म्हणून एक रिकामा रकाना आहे. त्यात काय लिहायचं?

गल्ली माझ्या तोंडाकडे बघते आहे. तू तिथे असतेस हे सगळ्यांना माहीत आहे. किती लिहायचं ते लवकर कळव. वीस तारखेला कागद न्यायला येणार आहेत.

तुझी मावशी

•

९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

किती लिहायचं ते मी सांगणार नाही. मी सांगितलेला आकडा तू लिहिलास तर तो माझा आकडा होईल, तुझा नाही. मग मोजायचं कशाला?

शिडी कशी वाचायची एवढं सांगते, कारण ते फॉर्मच्या मागे छापलेलंच आहे. सगळ्यात खाली शून्य. शून्य म्हणजे माणसाची सगळ्यात वाईट अवस्था. सगळ्यात वर दहा, म्हणजे सगळ्यात चांगली. वर्गातल्या नंबरासारखं धरू नकोस. उलटं धरलंस तर आकडा वाया जातो. हे पक्कं लक्षात ठेव आणि विचारतील त्यांनाही एवढंच सांग.

शेऱ्याच्या रकान्यात मनात येईल ते लिहावं. तो संगणकात भरला जात नाही. शेरे वाचायचं काम माझ्याकडे आहे आणि फक्त माझ्याकडे. दुसरं कोणी ते बघत नाही.

मी इथे आहे हे गल्लीत सांगत जाऊ नकोस. सांगितलं आहेस, तर निदान आता थांब. मी कुठली हे ऑफिसात कोणाला माहीत नाही. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आडनावाचा उच्चार मी इथल्यासारखा करते, तेवढं पुरतं.

निकाल कशासाठी वापरतात ते मला माहीत आहे, पण उत्तर देणाऱ्याला ते आधी कळता कामा नये. नियम तसा आहे. तो मीच लिहिला आहे.

काकांच्या नव्या गोळ्यांची नावं पाकिटावरून जशीच्या तशी उतरवून पाठव.

तुझी भाची

•

२२ फेब्रुवारी

टाचणे,

समजलं. अगदी सगळं समजलं. तू लहानपणी ‘मला नको’ म्हणायचीस आणि माझ्या ताटाकडे बघत बसायचीस. तेव्हा मी काय करायचे ते तुला आठवत असेल. उघडपणे तुला काही लिहिता येत नाही, तुझ्या हातावर साहेब लोकांचे डोळे असणार. लिहू नकोस. कागद गेले आणि चांगले गेले. तू निश्चिंत राहा.

काका विचारतात, शिडी काढणारीण स्वतः कुठल्या पायरीवर उभी आहे? मी म्हटलं, ती शिडी धरून उभी आहे. ते हसले, मग छाती धरून बसले.

गोळ्यांची नावं वेगळ्या चिठ्ठीवर लिहिली आहेत. दुभाषी बाईने तपासून दिली.

मावशी

•

२ एप्रिल

प्रिय मावशी,

काकांना सांग, आम्ही स्वतः फॉर्म भरत नाही.

आकडे आले. एकूण सत्तावीस वस्त्या आहेत. सव्वीस वस्त्यांची सरासरी साडेतीन ते सहाच्या मधे आहे. आपल्या गल्लीची नऊ पूर्णांक चौतीस. गल्लीत एका खोलीत सरासरी साडेचार माणसं राहतात, नळ दिवसातून दीड तास चालतो आणि चौदा घरांत काम करणारं एकही माणूस नाही. हेही त्याच फॉर्मवर आहे.

सोमवारच्या बैठकीत आमच्या मॅडमनी तो आलेख पडद्यावर लावला. सगळे ठिपके एका कोपऱ्यात आणि एकटी आपली गल्ली वर, माळ्यावर चढून बसल्यासारखी. मॅडमनी विचारलं की ही माणसं इतकी सुखी कशी. आठ जण होते. मी म्हणाले, “त्यांची ओळख पक्की आहे. स्वतःची भाषा आहे, नाती आहेत, एकमेकांकडे जाणं-येणं आहे. परिस्थिती वाईट असली तरी ती ओळख माणसाला समाधानी ठेवते.” मॅडमनी ते लिहून घेतलं. त्यावर एक प्रकरण होईल असं त्या म्हणाल्या. मी ‘त्यांची’ म्हणाले, हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

नंतर मी फॉर्म घरक्रमांकाने लावून पाहिले. पहिल्या घरात नऊ, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात नऊ. पुन्हा नऊ, दहा, नऊ. शेवटच्या घरापर्यंत तसंच. माणसं अशी ओळीने सुखी होत नाहीत.

काय केलंस ते मला नीट कळव.

तुझी भाची

•

८ एप्रिल

टाचणे,

तू हुशार आहेस हे मला माहीत होतं, पण घरक्रमांकाने लावून बघशील असं वाटलं नव्हतं.

हो, मीच वाटून दिले. तू लिहिलंस की तुझा आकडा, माझा आकडा, तेव्हा मला कळलं की हा कागद म्हणजे तुझ्या कामाची परीक्षा आहे. आपल्या गल्लीने खालची पायरी दाखवली असती आणि उद्या तू इथली हे कळलं असतं, तर तिथले लोक म्हणाले असते, हिची माणसं अशी, मग ही कशी असेल. सगळ्यांनी दहा लिहिलं असतं तर संशय आला असता, म्हणून दोन घरं नऊ, मधलं दहा. काका म्हणाले, तू भट्टीवर मुकादम व्हायला हवी होतीस.

शिंपी चारवर अडून बसला होता. म्हणे, नळाला पाणी नाही आणि नऊ कसले लिहू? मी म्हटलं, स्वतःच्या मुलीला चार दिले असतेस का? मग लिहिले गुपचूप. टोकाच्या खोलीतल्या इस्त्रीवालीचा मुलगा दोन महिन्यांपूर्वी गेला. तिच्या वाट्याला दहा आला. मी म्हटलं, तुझा आणि शेजारणीचा बदलून देते. ती म्हणाली, राहू दे, पोरीचं काम आहे, आणि लिहिला. शेऱ्यात कोणी काही लिहिलं नाही. घाण अक्षर कशाला दाखवायचं?

आणि तू बैठकीत काय चुकीचं बोललीस? आहेच आपली ओळख पक्की. पक्की नसती तर एक्केचाळीस घरांनी एका पोरीसाठी असं केलं असतं का?

एक विचारायचं होतं. दुभाषी बाई म्हणते, तिला इथून हलवणार अशी बोलवा आहे. तुझं ऑफिस सगळं मोजतं, तर तुझ्या कानावर काही असेल. तेवढं बघ. काकांना आता जिना चढताना दोनदा थांबावं लागतं.

मावशी

•

२० एप्रिल

प्रिय मावशी,

बोलवा खरी आहे. १ मेपासून दुभाषी बाई दुसऱ्या वस्तीत जातील.

आता निकाल लागला आहे, म्हणून सांगता येतं. ज्या वस्त्यांचा आकडा खाली त्यांना दुभाषी, जादा डॉक्टर आणि पाण्याची टाकी आधी मिळते. आपली गल्ली यादीत सत्ताविसावी आहे. समाधानी माणसांना दुभाष्याची गरज कमी, असं धरलं जातं. पाचव्या प्रकरणात हे कारणांसहित मांडलं आहे. ते प्रकरण माझ्या नावावर आहे.

तुझं पत्र मला मिळालं तेव्हा अहवाल छापायला गेलेला नव्हता. चार दिवस होते. ‘या गल्लीचे आकडे ग्राह्य धरू नयेत’ ही एक ओळ पुरली असती. पण ओळीखाली कारण लिहावं लागतं. हे मला कसं कळलं ते लिहायचं, तर तू कोण हे लिहावं लागलं असतं, आणि त्यानंतर मी कोण. मी ती ओळ टाइप केली होती. कारणाची जागा चार दिवस रिकामी होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी ती ओळ काढली.

तू आकडे वाटले नसतेस तर यातलं काही झालं नसतं, हेही तितकंच खरं आहे. मी तुला जे वाटतं ते लिही म्हणाले होते.

काकांना सांग की डॉक्टरसमोर ‘बरं आहे’ म्हणू नका. इथल्या लोकांना त्याचा अर्थ बरं आहे असाच लागतो.

माझी बढती झाली आहे, आता मी प्रमुख विश्लेषक.

तुझी भाची

•

२४ जून

टाचणे,

अकरा तारखेला मी तुझा नियम मोडून फोन केला होता. तू उचललास आणि त्यांच्या भाषेत म्हणालीस, राँग नंबर. तेवढे दोन शब्द मलाही कळतात. मी तुझा आवाज ओळखला. जवळ कोणीतरी असेल, असं धरलं आणि ठेवून दिला. म्हणून आता कागदावर सांगते. काका गेले.

तोच दिवस, बुधवार होता. सकाळी दाढी करता करता ते खाली बसले. डावा हात चोळत होते. मी आणि शिंप्याने त्यांना रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे आता आपली भाषा कोणालाच येत नव्हती. शिंप्याला जेवढी येते तेवढ्यात तो सांगत होता, पण त्याला बोलताना घाम फुटतो आणि मग त्याचे सगळे शब्द कपड्यांचेच निघतात. नर्स घाईत होती. तिने काकांकडे पाहिलं. काकांनी काय केलं असेल? शर्टाचं वरचं बटण लावलं आणि तिच्याकडे बघून हसले. परक्यासमोर वाकून बसायचं नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं.

मग तिने एक कार्ड पुढे केलं. उभी पट्टी, खाली शून्य, वर दहा. मला इतकं बरं वाटलं, तुला काय सांगू. त्या सगळ्या इमारतीत मला वाचता येणारी ती एकच वस्तू होती. तुझी शिडी. मनात म्हटलं, मागे लाजेखातर नऊ-दहा वाटले आणि दुभाषी बाई घालवली. आता खोटं बोलायचं नाही. मी एकावर बोट ठेवलं. नर्सने पुन्हा विचारलं असावं, कारण तिने कार्ड पुन्हा पुढे केलं. मी काकांकडे पाहिलं. त्यांचे ओठ निळे पडत होते. मी बोट शून्यावर नेलं आणि दाबून धरलं.

तिने मान डोलावली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि हिरवी चिठ्ठी दिली. आम्हाला बाकावर बसवलं. लाल चिठ्ठीवाले आत जात होते, पिवळीवाले जात होते. मला वाटलं, हिरवीचा वेगळा डॉक्टर असेल. तीन तास बसलो. काका मधे एकदा म्हणाले, टाचणीला कळवू नकोस, ती कामात असेल. मग त्यांनी डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. मला वाटलं, झोप लागली.

मी रात्रंदिवस एकाच गोष्टीचा विचार करते. शून्य म्हणजे सगळ्यात वाईट, असंच तू लिहिलं होतंस ना? तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं, तसंच आहे. मग मी बरोबरच दाखवलं ना? एवढं एक मला लिहून पाठव. बाकी काही नको.

मावशी

•

१ जुलै

प्रिय मावशी,

पत्र काल मिळालं. फोन आला तेव्हा समोर मॅडम बसल्या होत्या.

तू बरोबर दाखवलंस. शून्य म्हणजे सगळ्यात वाईट. चूक दवाखान्याची आहे.

काकांच्या राहिलेल्या गोळ्या कोणाला देऊ नकोस.

तुझी भाची

•

१८ नोव्हेंबर

भाचीस,

गेल्या आठवड्यात बाजारात दुभाषी बाई भेटली. काकांचं तिला कळलं नव्हतं. रस्त्यातच उभी राहून मी तिला सगळं सांगितलं, कार्डाचंही सांगितलं. मग तिने मला एका दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाली, “ती पट्टी आयुष्याची नसते, मावशी. ती दुखण्याची असते. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही.”

मी तिथे बराच वेळ बसून होते. दुकानदाराने पाणी दिलं.

तू मोजमाप शिकलेली आहेस. माझं पत्र वाचलंस त्याच क्षणी तुला कळलं असणार. तरी तू लिहिलंस की बरोबर दाखवलं. चार महिने मी ते पत्र उशाखाली ठेवून झोपत होते. तू मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस की पुन्हा कारणाची जागा भरावी लागू नये म्हणून, ते तुलाच माहीत. मी ठरवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

परवा पुन्हा तुमचे कागद आले. गल्लीतले लोक माझ्याकडे आले आणि विचारलं, या वेळी किती. मी म्हटलं, ज्याचं त्याने लिहा. या वेळी पोरीचा विचार करू नका. कोणी किती लिहिलं ते मी पाहिलं नाही. इस्त्रीवाली लिहायला बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही, एवढं पाहिलं.

माझा चौकोन मी रिकामा सोडला आहे. शून्य कुठल्या बाजूला असतं याची मला आता खात्री वाटत नाही.

मात्र शेऱ्याचं मी सगळ्यांना सांगितलं. एक्केचाळीस घरांत एकच वाक्य लिहिलं आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मी लिहून दिलं, अंगठा त्यांचा. वाक्य असं आहे: ‘त्यांना खूप दुखत होतं.’ शेरे तू एकटीच वाचतेस असं तू लिहिलं होतंस. घरक्रमांकाने लावून वाच.

मावशी

•

३० नोव्हेंबर

महोदया,

आपल्या गल्लीतील एक्केचाळीस फॉर्म या कार्यालयास मिळाले. त्यांपैकी चाळीस ग्राह्य धरण्यात आले आहेत. एका फॉर्मवर आकडा नसल्याने तो बाद करण्यात आला आहे.

ग्राह्य फॉर्मची सरासरी दोन पूर्णांक सहा असून, नियमानुसार आपल्या भागातील दुभाषी सेवा १ जानेवारीपासून पुन्हा सुरू होईल.

सर्व शेरे वाचण्यात आले. पुढील फेरीपासून फॉर्मवर शेऱ्याचा रकाना असणार नाही.

प्रमुख विश्लेषक